धुऱ्याखालच्या नालीची मोहीम

श्री. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, पौष मासीं, मौजे दवनीवाडा, तालुके गोंदिया, येथें राजश्री भैयाजी यांणीं पाईपलाईनीची नाली खणावयाची मोहीम केली. ते समयीं मसलतीस कोण होते, कोणतें यंत्र नेमिलें, कोणतें नाकारिलें आणि यश कैसें आलें, हें लोकांचे मुखीं भलतेंच होऊं नये, याकरितां घडलें तैसें लिहिलें असे.

भैयाजींचा मुलूख दोन ठायीं. बोअरवेल घराकडील बांधींत, म्हणजे धानाचे खाचरांत, उन्हाळी धानाचीं रोपें, ज्यांस पऱ्हे म्हणतात, पलीकडील बांधींत, आणि मध्यें दुलीचंदाची बांधी, तींत लाखोळीचें पीक उभें. पाणी रबरी नळीनें धुऱ्यावरून, म्हणजे शेताचे बांधावरून, जात असे. ती नळी जागोजागीं फाटोन अर्धें पाणी वाटेंतच खर्ची पडलें आणि पऱ्हे पिवळे पडों लागले. आठां दिवसांत पाणी न पोंहचे तर पऱ्हे जातील आणि रोवणी बुडेल, ऐसा प्रसंग. जमिनीखालून पाईप न्यावा तर दुलीचंदाची रजा पाहिजे. आणि उभयतांत धुरा सरकविल्याचे कज्जावरून सहा वर्षें बोलणें बंद.

तेव्हां भैयाजींचे कुटुंब सौभाग्यवती मंदाबाई यांणीं वकिली पत्करिली आणि एकट्याच दुलीचंदाचे आंगणीं गेल्या. दुलीचंदानें पाणी दिलें, बसावयास दिलें, मग फर्मान केलें कीं, "कडंची चार हात पट्टी देतो, दोन दिवस. पण माह्या आडव्या धुऱ्याले धक्का लागला, त नाली तिथंच बुजवीन." हा कौल घेऊन बाई परतल्या.

मग यंत्राची तजवीज. मुर्री गांवीं प्रफुल म्हणोन यंत्रें भाड्यानें देणारा सरदार, त्याचे आवारांत तीन यंत्रें उभीं होतीं. भैयाजींचें मन थोरल्या पोकलेनवर जडलें. कालव्याचे कामीं तिचा पराक्रम त्यांणीं पाहिला होता. ऐसें यंत्र आपले बांधींत उतरलें म्हणजे दुलीचंदासही जरब बसेल, हा मनसुबा पोटीं होता. प्रफुल यासही थोरलेंच यंत्र पाठवावयाची हौस. करार होणार, इतक्यांत मंदाबाईंणीं पदरची सुतळी काढिली. तीस फुटाफुटावर गांठी. त्यांणीं थोरल्या पोकलेनचें बकेट मापिलें, साखळ्यांमधील अंतर मापिलें आणि सर्वांदेखत पुसिलें, "पाईप तीन इंची. नाली पायजे एक फूट रुंद, तीन फूट खोल. हे घेऊन कायले जाता? तळं खोदाचं आहे का?"

भैयाजी बहुत नाराज जाहले. मग जेसीबीची गोष्ट निघाली. तिचें बकेट दोन फुटी, आणि चार हात पट्टींत तिचें अंग मावेना. तिसरें यंत्र कोपऱ्यांत उभें होतें, धाकटी पोकलेन, पायीं रबरी साखळी, एक फुटी बकेट. भैयाजी वदले कीं हें खेळणें होय, गांवांत तोंड कैसें दाखवावें. तेथें चालक सुकराम डबा खात बसला होता. वीस वर्षांचा मुरलेला गडी, त्यानें घांस न थांबवितां जबाब दिला, "बाई बरोबर बोलून राहिली. गिल्ल्या बांधीत टायर फसते. मोठी गेली त लाखोळीचा चिखल करन. धाकटीच न्या." येणेंप्रमाणें धाकटी दोन दिवसांचे करारानें नेमिली.

पहिले दिवशीं सूर्योदयीं स्वारी निघाली. सुकरामानें नाली ऐसी सरळ काढिली कीं लोक धुऱ्यावर बसोन पाहों लागले, आणि पट्टीबाहेर लाखोळीची एक काडी मोडली नाहीं. दुसरे दिवशीं दोन प्रहरीं आडव्या धुऱ्याचे दोहों अंगीं नाली तयार जाहली, आणि मधल्या धुऱ्याशीं मोहीम अडली. धुरा फोडावा तर कौल मोडतो. दुलीचंद काठी टेंकून वर उभा. सुकरामानें यंत्र बंद करोन सांगितलें कीं आतां खालून हातानें कोरणें, दुसरा उपाय नाहीं. हें ऐकोन भैयाजींणीं सदरा उतरवोन ठेविला, सब्बल, म्हणजे पहार, घेतली आणि खासा नालींत उतरले. वय अठ्ठावन्न, कंबर दुखणाईत, माती चिकट. अर्धा तास झुंजले, हात सोलले, परंतु मागें फिरले नाहींत.

दुलीचंद वरून पाहत होता. त्यास तें खोदणें सोसेना. सहा वर्षांचें मौन एकाएकीं मोडोन गर्जला, "काऊन वाकडं खोदून राहिला? धुरा बसन माहा!" आणि काठी टाकोन पलीकडले अंगें फावड्यानिशीं उतरला. मग दोन अंगांनीं दोघे कोरूं लागले. एकमेकांस दिसत नव्हते, केवळ धापा ऐकूं येत. घटकाभरानें भैयाजींची सब्बल पलीकडे निघाली आणि दुलीचंदानें ती धरिली. उभयतां ऐसेच सब्बल धरोन राहिले. कोणी ओढिली नाहीं.

पाईप घालण्याची वेळ आली तों दुलीचंद भोंकांतून हळूच बोलिला, "बुजवाच्या आधी माहाबी पाईप टाकू का? तुह्या पऱ्ह्याच्या मागं माही बांधी आहे, तिच्यासाठी घेतला होता. दोन सालापासून घरी पडून आहे. तुह्या बांधीतून न्या लागते, अन् तुह्याशी बोलावं लागन म्हणून टाकलाच नाई."

भैयाजींणीं सब्बल बाजूस ठेविली. मग आज्ञा जाहली, "टाक न. पुसून काऊन राहिला?"

पौष वद्य सप्तमीस, दिवस मावळावयाचे आंत, एके नालींत दोन पाईप निजविले, माती लोटिली, आणि बोअरवेलचें पाणी पऱ्ह्यांस पोंहचलें. धुरा साबूत. मंदाबाई पाण्यांत पाय घालोन उभ्या राहिल्या, दुलीचंद व भैयाजी धुऱ्यावर एके जागीं बसोन सुकरामाचा तंबाखू खात होते. फत्ते जाहली, ती येणेंप्रमाणें नोंदिली असे.