न आलेल्यांची मोजदाद

"काल मल्हारीनं दोन अडवले," बसाप्पा सकाळी सकाळी सांगायचे. गुळाच्या ढेपेवरचं फडकं काढता काढता, कुणी म्हणावं की काल फार उकडलं, तशा आवाजात. मी मान हलवायची. लोहाऱ्याला येऊन आठ दिवस झाल्यावर मला कळलं, की मल्हारीला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी गंगाथडीची, पैठणकडली. शाळा तिसरीत सुटली, लग्न झालं आणि बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत इतक्या लांब येऊन पडले. मालक शिंपी. मशीन गाडीत घालून पार भूमपर्यंतचे बाजार फिरायचे, पंधरा-पंधरा दिवस घरी नसायचे. बसाप्पांनी आम्हाला त्यांच्या दुकानामागची खोली दिली होती. मधे चार हात अंगण, आणि आमच्याकडं यायचं तर त्यांच्या दुकानातूनच वाट. गावात मला ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून आप्पा सांगतील ते मी ऐकून घ्यायची, आणि रात्री कडी दोनदा तपासायची.

आप्पा तरुणपणी आट्यापाट्या खेळलेले. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. जमिनीवर आडव्या रेघा ओढायच्या, त्या पाट्या. एकेका पाटीवर एकेक गडी हात पसरून उभा. समोरच्यांनी हुलकावण्या देत पाट्या ओलांडायच्या आणि यानं पाटी न सोडता त्यांना शिवायचं. खेळ संपला की लोक ओलांडणाऱ्याला खांद्यावर घेत. आप्पांना त्याचं कौतुक नव्हतं. म्हणायचे, पळायला काय, शेळीबी पळती. पाटी धरून उभे राहणाऱ्यांत सगळ्यांत मोठा कोण, एवढ्या एका प्रश्नावर त्यांनी जन्म काढला होता. आणि गाडं दोघांवर येऊन अडलं होतं, मल्हारी आणि दस्तगीर.

दस्तगीर पाचच वर्षं खेळला, पण जो येईल त्याला शिवून बाद केलं. तेर गावाहून माणसं त्याला बघायला यायची. मल्हारी बारा वर्षं उभा राहिला आणि त्यानं फारसं कुणाला शिवलंच नाही. समोर हणमंत न्हाव्याचं बसणं होतं, तो हजामत करता करता मुद्दाम काडी टाकायचा, की आप्पा, तुमच्या मल्हारीनं शिवून मारलं कुणाला ते तरी सांगा.

"मल्हारीच्या पाटीकडं कुणी येतच नव्हतं," आप्पा म्हणायचे. "आलेले समदेच मोजत्यात. न आलेल्यांची मोजदाद कोण करतंय? म्या करतो."

हणमंत म्हणायचा, नाव बसाप्पा आणि गडी जलमभर उभा. ते खरंच होतं. आप्पांना बसलेलं मी पाहिलं नाही. तराजूसुद्धा दोन्ही हात पसरून असा धरायचे, की गिऱ्हाइकाला बाजूनं जाता येऊ नये. गुळावरच्या माश्या मात्र अडवत नसत. त्या खेळात न्हाईत, म्हणायचे.

इथवर हसण्यासारखं होतं. पण आप्पांच्या हिशेबानं गडी मेला म्हणून त्याची पाटी सुटत नाही. मल्हारीला गल्लीच्या वरच्या तोंडाबाहेर जाळलेलं आणि दस्तगीरची कबर खालच्या तोंडाला, ओढ्याकाठी. दर सोमवारी आप्पा चुलीतली राख घेऊन दोन्हीकडं एकेक रेघ ओढायचे. गल्लीत जे शिरलं नाही ते ज्याच्या त्याच्या नावावर. पिसाळलेलं कुत्रं वरून माघारी फिरलं, मल्हारीचं एक. चोर ओढ्यापर्यंत येऊन दुसऱ्या आळीला गेले, दस्तगीरचं एक. हणमंत म्हणाला, मेल्यावरचं धरू नये. आप्पा म्हणाले, का? मेल्यावर अंगात जास्त चपळाई येती.

मला हे पटायचं नाही. मग चैतातल्या एका दुपारी मी वरच्या तोंडाशी शेण्या वाळवत होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शेतातून धुळीचा एक भोवरा आला, माणसाएवढा उंच. राखेच्या रेघेपाशी थांबला. डावीकडं सरकला, उजवीकडं सरकला, पुन्हा डावीकडं. मग आल्या वाटेनं मागं गेला. रेघेवरची राख तसूभर हलली नव्हती. मी शेण्या तिथंच टाकून घर गाठलं. आप्पांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, की आधी डावीकडनं आला का उजवीकडनं? मल्हारीची डावी बाजू जरा कच्ची होती म्हणे. मी डावीकडनं म्हणाले. त्या दिवशी दिवसभर ते खुशीत होते.

त्याच उन्हाळ्यात ओढ्याकडून पटकी आली. पहिल्या दिवशी खालच्या तोंडाचं एक घर गेलं, दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारचं. आप्पा दुकानाच्या पायरीवर उभे राहून खाली बघत होते. "दस्तगीर दमला," ते म्हणाले. हणमंत तिथंच होता. तो हसला नाही. संध्याकाळी बायकापोरं घेऊन तो शेतावर राहायला गेला. गल्ली रिकामी झाली. मी कुठं जाणार? मालक भूमकडं, माहेर गंगेकाठी. पदरात दहा महिन्यांची लेक, सोनी.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी सोनीला उलटी झाली. मग जुलाब. मी आप्पांना हाक मारली. ते आले. पेजेचं पाणी, त्यात मीठ आणि गुळाचा खडा, उकळून गार करून चमच्यानं घालत राहा, ती थुंकली तरी घालत राहा, असं सांगितलं. आणि स्वतः माझ्या उंबऱ्यावर पाठमोरे उभे राहिले, हात पसरून.

खरं सांगते, मला पटकीपेक्षा त्यांचीच भीती वाटली. अंगण रिकामं होतं. दुकान रिकामं होतं. आणि सत्तरीचा म्हातारा माझ्या दारात पाय घासत डावीकडं सरकत होता, उजवीकडं सरकत होता, मधेच झटकन वाकून हात खाली टाकत होता. समोर कुणीतरी हुलकावण्या देत असल्यासारखा. तोंडानं कानडीत एकच, "बरब्याड, बरब्याड." येऊ नको. दुपार टळली, उन्हं भिंतीवरून उतरली, त्यांचा सदरा भिजून पाठीला चिकटला. ते पाटी सोडत नव्हते.

तिन्हीसांजेला सोनीचे पाय गार पडले. डोळे वर गेले. मी म्हणाले, "आप्पा, पोर चालली."

ते थबकले. मला वाटलं आता आणखी जोरात उभे राहतील. पण त्यांनी हात खाली टाकले, दार सताड उघडं सोडलं आणि आत वळले. सोनीजवळ येऊन खाली बसले. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना बसलेलं बघितलं. तिचे पाय दोन्ही हातांत धरून चोळायला लागले आणि शब्द बदलला. "होगब्याड, यव्वा. होगब्याड." जाऊ नको, बाय. मी चमचा घालत होते, ते चोळत होते. बाहेरून काय आलं, काय गेलं, कुणी बघितलं नाही. किती वेळ गेला ते देव जाणे. मग सोनीनं चमचा तोंडात दाबून धरला आणि सोडेना.

दोन दिवसांनी ती रडायला लागली, चांगली भोकाड पसरून. मी आप्पांचे पाय धरले आणि म्हणाले, पाटी धरणाऱ्यांच्या तुमच्या यादीत आता तुमचंच नाव सगळ्यांत वर घाला, मल्हारी-दस्तगीरच्याही वर.

ते अंगणात उभे होते.

"मला लेक हुती," ते म्हणाले. "चार वर्षांची. अशीच पटकी. म्या दोन दिस दारात उभा, तोंड भाईर करून. कुणाला आत येऊ दिलं न्हाय. माशी न्हाय, वारं न्हाय. कुणी आलंच न्हाय, बाय. ती आतनं गेली. माझी पाठ हुती तिच्याकडं."

मी नाव विचारलं. "गिरिजा," म्हणाले, आणि लगेच दुकानात गेले.

मालक आले, पटकी ओसरली, हणमंतही परतला. आप्पा दुकानात उभेच असायचे, पण आता रस्त्याकडं पाठ करून. गिऱ्हाइकं त्यांच्या पाठीशी बोलायची, गूळ मागायची, वैतागायची. हणमंत म्हणाला, म्हातारं पार गेलं. आप्पा ऐकून घ्यायचे आणि वळायचे नाहीत. त्यांच्यासमोर अंगणात सोनी रांगत असायची.