व्हर्लिन झर्बी यांनी हेमलॉक खडक राखिला त्याची हकिकत

मुलूख पेनसिल्व्हेनिया, जिल्हा पॉटर, येथील पहाडात झर्बी घराण्याची जी शिकारी छावणी, तिच्या धनीण राजमान्य लव्हाइना आत्यासाहेब, उमर अठ्ठ्याहत्तर, दात निम्मे, जरब पुरी, यांनी आज्ञा केली की, आमचे भाचे व्हर्लिन यांनी गुदस्ता खडकासाठी जी मोहीम केली ती साद्यंत लिहिणे, आणि मीठमसाला घालणे तो भाजीत घालणे, कागदावर न घालणे. त्यावरून छावणीचा आचारी जो सेवक, त्याने स्वतः हजर राहून जे पाहिले ते लिहिले. भाजीसही लोक नावे ठेवतात, तेव्हा लिखाणास ठेवल्यास सेवकास नवल नाही.

व्हर्लिन झर्बी म्हणजे शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्याचे कामी अव्वल असामी. इंजिनाचा नुसता खोकला ऐकून दुखणे सांगतील, परंतु हरणावर बार टाकिला की गोळी कोणत्या मुलखी जाईल हे ईश्वरास ठाऊक. आणि छावणीचा कायदा ऐसा की, ज्याचा नेम चुकला त्याच्या सदऱ्याचे शेपूट, म्हणजे मागे लोंबणारा पल्ला, भर पंक्तीत कातरून भिंतीस खिळ्याने ठोकावे. भिंतीवर ओळीने तीन शेपटे व्हर्लिन यांची, तीन सालांची, तिन्ही चौकड्यांच्या कापडाची. त्यांच्या कबिल्याने अखेर नवे सदरे घेणेच बंद केले.

हेमलॉक खडक म्हणजे सगळ्या खोऱ्यातील मोक्याची जागा. तेथे व्हर्लिन यांचे तीर्थरूप कैलासवासी हार्लन झर्बी चाळीस हंगाम बसले आणि पट्टीचे नेमबाज म्हणून नाव करून गेले, त्यांनी मारिलेल्या हरणाची बारा टोकांची शिंगे, खाली त्यांच्या नावाची पाटी, छावणीच्या भिंतीवर आहेत; मग ती जागा लेकाकडे आली. परंतु तिसरे शेपूट ठोकले गेले तेव्हा व्हर्लिन यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान ड्वाइट हेकमन यांची नजर खडकावर बसली. आत्यासाहेबांनी फर्मान काढिले की, ऑगस्ट महिन्यात मार्लीन कूंट्झ बाईंच्या दोन रोजांच्या नेमबाजी शिबिरास व्हर्लिन यांनी जाणे, तीनशे गजांवरील पोलादी ताटलीस पाच बारांत चार गोळ्या लावून सनद आणणे, न आणल्यास खडक ड्वाइट यांस बहाल होईल.

"आत्या, अगं तो खडक बाबांचा आहे!" व्हर्लिन कळवळून बोलले.

"म्हणून तर तीन वर्षं गप्प बसले. आता लेका, पुरे."

ड्वाइट यांनी दुसरेच दिवशी त्या खडकाचे मापाची उशी शिवावयास टाकिली.

मग व्हर्लिन यांनी मसलत केली की दोष बंदुकीचा, सबब बंदूकच नखशिखांत पालटावी. गॅरेजात कारखाना मांडिला आणि जुना लाकडी दस्ता काढून नवा खालवर सरकणारा बसविला, आणि त्यावर गालास उशी केली, आणि नळी जाड घातली, आणि चाप ऐसा नाजूक लाविला की माशी बसली तरी चालावा, आणि दुर्बीण ऐसी चढविली की शेजारणीच्या दोरीवरील कपड्यांची मापे वाचता यावी, ज्यावरून शेजारणीने येऊन बोलही लाविले. नळीच्या तोंडास धक्का सोसणारा भोकांचा लोखंडी मुखवटा चढविला. मग सर्व जिन्नस तपकिरी-हिरव्या रंगाने रंगवून पोरांच्या झोक्यावर वाळत घातला. वजन इतके जाहले की गाडीपासून मैदानापर्यंत नेताना धन्यास दोन मुक्काम करावे लागले.

ड्वाइट साक्षीदार म्हणून बरोबर होते, ते म्हणाले, "मेव्हणे, हिला चाकं लावायची राहिली की!"

"बोला, बोला दाजी. उद्या बघू कोण बोलतं ते."

शिबिर एका जुन्या खडीच्या खाणीत. कूंट्झ बाई पूर्वी शाळेत कवायत शिकवीत, आवाज अद्याप तोच. पहिला बार जाहला तो मुखवट्यातून दोहों अंगांस ऐसा फुफाटा उडाला की शेजारच्या आसनावरील दंतवैद्याचे सँडविच मातीने भरले आणि टोपी कोठे गेली ती सापडली नाही. ताटली मात्र जागची हलली नाही. दुसरा बार गेला, तिसरा गेला, दहा गेले. व्हर्लिन यांनी प्रथम वाऱ्यास दोष दिला, मग दुर्बिणीस, मग काडतुसातील दारूस, मग दंतवैद्यास.

बाईंनी मुखवटा उतरविण्याचा हुकूम केला आणि नेम नव्याने जुळवून दिला. तरी गोळ्या मोकाटच. तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो झर्बी, आता बंदूक मी भरणार. तुम्ही तिकडं बघा."

व्हर्लिन यांनी मान फिरविली. बाईंनी आत रिकामे काडतूस सरकविले, ते एकट्या व्हर्लिन यांस सोडून सकळांनी पाहिले. व्हर्लिन यांनी ताटलीवर नेम धरून चाप ओढला. "टक्" ऐसा एवढासा आवाज जाहला, आणि बार नसता, धक्का नसता, खांदा उडाला, नळीने भुईस दंडवत घातला, आणि धन्याचे दोन्ही डोळे पोर कडू औषधास मिटते तसे गच्च मिटलेले सर्व शिबिराने पाहिले.

ड्वाइट हसून हसून खडीवर बसले. "अरे बापरे! हा डोळे मिटून मारतोय!"

"चाप जड आहे," व्हर्लिन पुटपुटले.

"चाप तुम्हीच बदललाय ना?" बाई म्हणाल्या. "बंदुकीत काही बदलायचं राहिलेलं नाही. आता तुम्ही राहिलात."

व्हर्लिन उठून गाडीत जाऊन बसले. सेवक मागून बिटाच्या सिरक्यात मुरवलेली चार लाल अंडी घेऊन गेला, तो ते सुकाणूवर डोके टेकून म्हणाले, "बाबा काय म्हणाले असते रे?" त्यांस फार लाज वाटली आणि सेवकास फार वाईट वाटले. अंडी मात्र चारही खाल्ली. मग तोंड पुसून ते आपणहून परत फिरले.

मग बाईंनी नळीवर एक नाणे ठेवून रिकामा चाप ओढण्याची कवायत लाविली, की नाणे पडता कामा नये. नाणे पडले, पुन्हा ठेविले, पुन्हा पडले. कोपरे सोलली. ड्वाइट प्रथम मोजीत होते, मग कंटाळून सावलीत घोरू लागले. तिसरे प्रहरी नाणे एकदा जागी राहिले, आणि मग लागोपाठ राहू लागले.

दुसरे दिवशी आत्यासाहेब आपली घडीची खुर्ची घेऊन जातीने दाखल जाहल्या आणि इम्तिहान सुरू जाहले. पहिली गोळी ताटलीस लागली. दुसरी लागली; डोळे मात्र बाराच्या धक्क्यासरशी मिटत होतेच. तिसऱ्या वेळी जुनी खोड पुरी आडवी आली, डोळे बाराआधीच मिटले आणि गोळी खाणीच्या दरडीत गेली. ड्वाइट यांनी उशीचा रंग सांगावयास आरंभ केला, त्यांस आत्यासाहेबांनी काठीने गप्प केले. चौथी लागली.

पाचव्यास व्हर्लिन यांनी श्वास सोडला आणि चाप हळूहळू मागे घेतला. बार जाहला, बंदुकीने खांद्यास ढकलिले, आणि डोळे उघडे राहिले. ताटली हिसका खाऊन डोललेली त्यांनी दुर्बिणीतून पाहिली. उभ्या जन्मात आपला बार आपल्या डोळ्यांनी पाहिला तो हा पहिला. पन्नाशीचा गडी मातीत पडल्या पडल्या रडला.

सनद हाती घेऊन ते आत्यासाहेबांपुढे आले. "बाबांचं नाव राखलं ना गं आत्या?"

आत्यासाहेबांनी त्यांस बाजूस घेतले, सेवक खुर्ची उचलण्यास गेला म्हणून ऐकू आले. "हे बघ, तुझा बापसुद्धा डोळे मिटायचा. जन्मभर. ते बारा टोकांच्या शिंगांचं हरीण आहे ना, ते मी मारलं. दोघांचा बार एकदमच झाला. ह्यानं डोळे उघडले तर हरीण आडवं! नाचायला लागला माझा भाऊ. म्हटलं, जाऊ दे, नाचू दे."

व्हर्लिन यांनी सनदेची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग म्हणाले, "आणि दर वर्षीची हरणं?"

"मी शेजारच्याच टेकाडावर बसायचे ना."

येणेप्रमाणे हेमलॉक खडक व्हर्लिन झर्बी यांजकडे कायम जाहला, ड्वाइट हेकमन यांनी उशी मोटारीत वापरावी ऐसे ठरले. खडकावर बसून डोळे उघडे ठेवणारा झर्बी घराण्यातील हा पहिला पुरुष. शिंगांखालील हार्लन यांच्या नावाची पाटी व्हर्लिन यांनी स्वहस्ते पुसून लख्ख केली आणि जागच्या जागी राहू दिली. मोहीम फत्ते जाहली, सही आत्यासाहेबांची.