निरोगी असल्याबद्दल खुलासा

कार्यालयाचा ड्रायव्हर नऊ वर्षं हंगामी होता. कायम व्हायला वैद्यकीय तपासणीचा एकच कागद उरला होता, आणि त्यानेच घात केला. एचआयव्हीच्या रकान्यात शिक्का बसला: 'आढळले.'

ड्रायव्हर हसला. त्याचा मेहुणा याच रोगाने गेला होता, म्हणून याने नव्या लसीच्या पहिल्यावहिल्या प्रयोगासाठी स्वतःचा दंड पुढे केला होता. तिथे धडधाकट माणसंच घेतात. लसीत विषाणू नसतो. शरीर फक्त लढाईची तालीम करतं, आणि साधी रक्ततपासणी त्या तालमीलाच रोग समजते. प्रयोगवाल्या डॉक्टरांनी तसं पत्रही दिलं होतं.

हेडक्लार्क मॅडमनी ते पत्र पट्टीच्या टोकाने उलगडलं.

"यात त्या रोगाचं नाव आहे."

"नाव आहे मॅडम, रोग नाही."

"ते तुम्ही म्हणता. पत्राला हात कोणी लावायचा?"

पत्र प्लास्टिकच्या पिशवीत गेलं. पिशवीला आवक क्रमांक मिळेना, कारण आवक कारकून रजेवर गेला. पिशवी शेजारून गेली तेव्हा त्याला शिंक आली होती. मग ड्रायव्हरने थेट विषाणूच शोधणारी दुसरी तपासणी करून आणली. तीत काहीच सापडलं नाही.

"एक अहवाल आहे म्हणतो, दुसरा नाही म्हणतो," साहेब गंभीर झाले. "सरासरी काढावी लागेल."

सरासरीने तो निम्मा रोगी ठरला. निम्म्या रोग्याला गाडी देता येत नाही, निम्म्या निरोग्याला घरी बसवता येत नाही. सबब त्याला गाडीशेजारी उभं राहण्याचं काम देण्यात आलं.

घरी बायको कडाडली, "अहो, रोग नसल्याचा पुरावा तुम्ही दिलात ना? आता अक्कल असल्याचा त्यांच्याकडे मागा!"

त्याने मागितला. लेखी. साहेब दुखावले. आपलं कार्यालय किती पुढारलेलं आहे हे दाखवायला त्यांनी सगळ्यांना फॉर्म वाटला: 'सदर ड्रायव्हर कायम झाल्यास आपली हरकत आहे काय?'

बेचाळीस फॉर्म परत आले. बेचाळीसही जणांनी लिहिलं होतं, 'माझी मुळीच नाही. पण इतरांचा विचार व्हावा.'

इतरांचा विचार करून ड्रायव्हरला कमी करण्यात आलं.

"हे इतर कोण, ते तरी सांगा," तो म्हणाला.

कार्यालयात ते सापडले नाहीत. म्हणून शोध आता बाहेर सुरू आहे, आणि एक फॉर्म तुमच्या पत्त्यावर निघाला आहे. आपला वेळ वाचावा म्हणून उत्तर छापूनच पाठवलंय. सही तेवढी करा.