सातव्या खटक्याच्या मोहिमेची हकीकत

श्री. सकळ वाचकांचे सेवेसी हकीकत रुजू केली जाते ऐसी जे, थोरल्या जाऊबाई ऐन उमेदीत हवामान कचेरीच्या संगणकावर चाकरीस असता, तारखेवरून वार सांगणारा प्रोग्रॅम त्यांनी वहीत रचिला, आणि तो चालविण्याआधीच यंत्र भंगारात रवाना जाहले, आणि मोठे साहेब यांनी वहीवर लाल शाईने शेरा मारिला की, "चुकीचा. चालणार नाही." तो शेरा बाईंच्या काळजात चाळीस वर्षे सलत राहिला.

मग पासष्टी उलटता बाईंनी विडा उचलिला की तेच यंत्र हुबेहूब उभारावे आणि साहेबांचे देखत चालवावे. जुने नकाशे पैदा केले, जेवणाचे मेज काबीज केले, यजमानांस ताट मांडीवर घेण्याचे फर्मान सुटले, आणि धाकट्या जाऊबाई, शिवणकामात तरबेज, तारा जोडण्यास डाग द्यावयाची तापती सळई घेऊन कुमकेस आल्या. तीन महिने तुंबळ डागकाम जाहले, एक पडदा कामी आला, मांजर परागंदा जाहले, आणि आठ खटके, आणि दर वारास एक ऐसे सात दिवे, ऐसे यंत्र सिद्ध जाहले.

मग साहेब काठी टेकीत दाखल जाहले. बाईंनी वहीतील 'वर, खाली' खुणांबरहुकूम खटके हाणिले, आणि जुने यंत्र भंगारात गेले तीच तारीख घातली. सातही दिवे एकदम पेटले.

"मी म्हणालोच होतो," साहेब वदले.

"साहेब, आधी चहा संपवा," धाकट्या म्हणाल्या.

बाईंनी डोळे मिटून बोटे खटक्यांवरून फिरविली, तों सातव्याशी हात अडखळला, आणि स्मरण जाहले की जुन्या यंत्राचा सातवा खटका कारागिराने मुळातच उलटा बसविला होता. अवघी कचेरी त्यासच सरावली, आणि वहीही तैसीच लिहिली गेली.

"अगं, आपण सातवा सरळ बसवलाय."

"मग काय वाकडा बसवायचा होता?"

"उलटा."

मग खटका उपटून उलटा बसविला, आणि प्रोग्रॅम व तारीख पुन्हा घातली. दिवे विझले, आणि पाचवा एकटाच पेटला. रविवार पहिला, म्हणोन पाचवा गुरुवार.

साहेब दिव्यापाशी वाकून वदले, "गुरुवारच होता. ट्रक मीच बोलावला होता." मग वही मागून घेतली, आपल्याच शेऱ्यावर काट मारिली आणि खाली स्वहस्ते 'बरोबर' ऐसे लिहून सही केली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मांजर तिसरे दिवशी स्वगृही परतले. यजमानांस मेज मात्र अद्याप परत मिळाले नाही.