पत्रे धुतले, दार चिकटवलं

आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतींना जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे ठोकलेले आहेत. रंग उडून ते इतके भकास दिसायला लागले, की ते आपणच रंगवायचे असं मी ठरवलं. (मी कचेरीत आवक-जावक बघतो. रंगाशी माझा संबंध सांडलेल्या शाईपुरता.)

"अ‍ॅस्बेस्टॉस आहे ते," बायको म्हणाली. "त्याची धूळ छातीत गेली की जन्माचं दुखणं. खरवडू नका, भोकं पाडू नका. आणि सोमवारी तर काही काढूच नका, माझी मुलाखत आहे."

मुलाखत मुख्याध्यापिकेच्या जागेची होती. ही जागा तिची आधी दोनदा हुकली होती. तिला धीर द्यायला सासूबाईही मुक्कामाला आल्या होत्या. पण मला रजा नेमकी सोमवारचीच मिळाली!

"नुसतं धुवायचंय गं. तू निघायच्या आत आवरतो," मी म्हणालो.

मी सगळं नीट वाचून काढलं होतं. पत्रा कुठे तडकलेला नाही ना, ते आधी पाहायचं. कोरडा घासायचा नाही, सँडपेपर तर लावायचाच नाही. फवारणीच्या हातपंपाने भिजवून साबणाच्या पाण्याने मऊ ब्रश हलकेच फिरवायचा. वाळला की प्रायमर, मग रंग. आणि दारं-खिडक्या बंद ठेवायच्या.

इथवर माझी चूक कुणी दाखवून द्यावी! पण नुसतं बंद ठेवून माझं समाधान होईना. मी खिडक्यांवर बाहेरून प्लॅस्टिक ताणून टेप मारला. मग मागच्या दाराला. मग पुढच्या. (हाती घेतलेलं काम मी अर्धवट सोडत नाही, असं एक मत आहे. माझंच.)

अंगात पांढरा सूट, तोंडावर जाडजूड मास्क, कानांवर घट्ट टोपी. पंप मारायला लागलो, तेवढ्यात खिडकीच्या प्लॅस्टिकमागे बायको दिसली. ती मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत होती. किती वेळ लागेल विचारतेय, असं वाटून मी 'निवांत' अशी खूण केली. मग तिने दाराकडे बोट दाखवलं. तिथला टेप सुटला असणार! केवढं लक्ष हिचं! मी जाऊन आणखी दोन पट्ट्या ओढल्या. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं, बंद घरात घाम आला असेल.

मग दाराच्या प्लॅस्टिकमधून कात्रीचं टोक बाहेर आलं. मी दचकून वळलो. पंपासकट.

"अहो!"

इस्त्रीच्या कपड्यांतून, विंचरलेल्या केसांतून पाणी निथळत होतं.

"धूळ उडू नये म्हणून..." मी मास्कमधून पुटपुटलो.

"माझ्यावर कुठली धूळ होती?"

"कपडे बदल ना पटकन."

"वेळ आहे का आता? कधीची आतून दार बडवतेय मी!"

"मला वाटलं, तू..."

"जावईबापू," सासूबाई आतून म्हणाल्या, "तुम्ही काही वाटून घेऊ नका. फक्त बाजूला व्हा."

ती तशीच ओलीचिंब निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोनदा नशिबाने हुकलेली जागा आता नवऱ्यामुळे हुकणार होती. काम संपल्यावर सूट नियमाप्रमाणे पिशवीत बंद केला, हातपाय स्वच्छ धुतले. पण सासूबाईंसमोर तोंड उघडं टाकायची हिंमत होईना. शेवटी नवा मास्क लावूनच घरात गेलो. जेवायलाही तो काढवेना.

संध्याकाळी बायको आली. मी जमिनीकडे बघत विचारलं, "गेली ना?"

"मिळाली."

"काय?"

"अशा ओल्या कशा, असं विचारलं त्यांनी. मी सगळं सांगितलं. अख्खी समिती पोट धरधरून हसली. म्हणाले, घरी हे सांभाळून वेळेवर आलात, शाळा सहज सांभाळाल."

मी मास्क खाली ओढला. "म्हणजे एका अर्थी माझ्यामुळेच..."

"हो तर. शाळेच्या जुन्या इमारतीलाही असलेच पत्रे आहेत. ते रंगवायचा विषय लगेच समितीपुढे आला."

मी बाह्या सरसावल्या. "मग? काम कुणाला द्यायचं ठरलं?"

"कुणाला द्यायचं ते ठरायचंय अजून," ती विस्कटलेले केस सारखे करत म्हणाली. "कुणाला द्यायचं नाही, ते मात्र एकमताने मंजूर झालं."