मागच्या शॉकची समिती

कुठलीही वस्तू एका माणसानं दुरुस्त केली तर ती नुसती दुरुस्त होते. चार माणसांनी मिळून केली तर तिला दिशा मिळते. हे जगात कुठेही जा, दिसेलच तुम्हाला. आमच्या घरात तर फारच जवळून दिसलं, कारण ती वस्तू म्हणजे आमच्या ताईच्या सायकलीचा मागचा शॉक होता आणि त्या चार माणसांतला एक मी होतो. सचिव. थांबा, पहिल्यापासून सांगतो, मध्ये बोलू नका.

तर ताई डोंगरावरून सायकल खाली आणते. आणते म्हणजे काय, सोडतेच. दगड, मुळं, उड्या, आणि तीन मिनिटांत पायथ्याशी. (आई म्हणते, वर जायला तास आणि खाली यायला तीन मिनिटं, यापेक्षा खालीच थांबावं.) अशा सायकलीच्या मागच्या चाकासाठी एक शॉक असतो, मनगटाएवढा जाड, आत हवा आणि तेल. चाक दगडावर आपटलं की तो दबतो आणि परत वर येतो. झालं, एवढंच त्याचं काम. इतकं जबाबदारीचं काम एक नळकांडं इतकी वर्षं कुणाच्याही देखरेखीशिवाय करत होतं, याचं आम्हाला आता नवल वाटतं.

झालं काय, त्यातून तेल गळायला लागलं. ताईनं तो सर्व्हिसिंगला दिला. आतले सील बदलून परत आला तेव्हा हवा सगळी काढलेली, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून जुळवणं आलं. आणि शर्यत एकोणीस दिवसांवर! साधीसुधी नाही, निवडीची. पहिल्या सहा जणी संघात जाणार. गेल्या वर्षी ताई सातवी आली, चार दशांश सेकंदांनी. पुढच्या वर्षी वयाच्या अटीतून बाहेर. म्हणजे काय ते आताच.

ताई शॉक बसवून एवढंच म्हणाली, "पंप कुठाय रे? हवा भरते. दहा मिनिटांचं काम आहे."

पंप मामाकडे होता.

शॉकचा पंप वेगळा असतो, छोटासा, वर काट्याची तबकडी. टायरचा चालत नाही. तो मामानं कधीतरी कशाला तरी नेला होता. मामा लिफ्ट दुरुस्त करतो, बावीस वर्षं. "वर-खाली होणारी कुठलीही गोष्ट माझ्या हाताखालून गेलीये," असं तो म्हणतो, आणि यावर उलट बोलायला कुणाकडे काही नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पंप द्यायला आला आणि द्यायच्या ऐवजी स्टुलावर बसला. समित्या अशाच स्थापन होतात.

तेवढ्यात शेजारचे सर आले, पदार्थविज्ञान शिकवतात, दार उघडं दिसलं की येतात. माझा मित्र लिंक तर आलेलाच होता. (त्याला लिंक म्हणतात, कारण काहीही विचारलं की तो उत्तर देत नाही, व्हिडिओची लिंक पाठवतो.) मामा अध्यक्ष, सर शास्त्रीय सल्लागार, लिंक संशोधन, मी वही.

पहिला विषय सॅग. म्हणजे चालवणारा हेल्मेट-बिल्मेट सगळं घालून सायकलवर उभा राहिला की त्याच्या वजनानं शॉक किती दबतो, ते. शॉकच्या दांड्यावर एक रबरी रिंग असते. ती खाली सरकवायची, सायकलवर चढायचं, अलगद उतरायचं आणि रिंग किती वर सरकली ते पट्टीनं मोजायचं. आमच्या शॉकला बावीस मिलिमीटर यायला हवं होतं. जास्त आलं तर हवा भरा, कमी आलं तर काढा.

आता प्रश्न असा, की चढायचं कुणी? ताई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला, सकाळची ड्युटी, दोनला सुटते. तेव्हा वाजले होते साडेनऊ. काम अडवून ठेवणं समितीच्या स्वभावात नव्हतं. मामा लगेच चप्पल काढून तयार.

सर म्हणाले, "एका माणसाच्या वजनावर विसंबणं अशास्त्रीय आहे. सरासरी काढा."

पटलं. वजनं घेतली. मामा एकशे चार, सर अठ्ठ्याऐंशी, लिंक एकोणऐंशी, मी एकाहत्तर. सरासरी साडेपंच्याऐंशी. या वजनाचा माणूस समितीत नव्हता, पण सर सगळ्यात जवळचे होते. तेव्हा सरांनी सायकलवर उभं राहून एका हातानं भिंत हलकीशी दाबावी आणि अडीच किलो भिंतीवर सोडावेत, असं एकमतानं ठरलं. सरांनी ते फार जबाबदारीनं केलं. हवा एकशे नव्वदवर गेली, रिंग बरोबर बावीसवर. टाळ्या वाजल्या. मी वहीत लिहिलं: 'सॅग निश्चित. यापुढे या विषयावर चर्चा नाही.'

ताई अडीचला आली. गल्लीच्या टोकाला पायऱ्या आहेत, त्या उतरून आली.

"अरे, हा दगड झालाय!"

(इतिवृत्त: 'खेळाडूनं मजबुतीबद्दल समाधान व्यक्त केलं.')

"मागचं चाक उडतंय माझं. लाथ मारतंय. मामा, पंप दे ना जरा."

"अगं, पंप काय पळून चाललाय? तुला काय होतंय ते सांग फक्त."

"लाथ मारतंय, हेच सांगतेय!"

"म्हणजे रिबाउंड," लिंक म्हणाला, आणि आमचे सगळ्यांचे मोबाईल वाजले.

रिबाउंड म्हणजे दबलेला शॉक किती वेगानं परत वर येतो, ते. त्याला खाली एक लाल बटण असतं, फिरवलं की टिक वाजतं. एक टिक म्हणजे एक क्लिक. घट्ट केलं की शॉक सावकाश येतो, सैल केलं की पटकन. या विद्येत एक सोन्यासारखा नियम आहे: एका वेळी एकच बदल करायचा, चालवून बघायचं, मग दुसरा. आम्ही तो नियम शेवटपर्यंत मोडला नाही. चौघांपैकी प्रत्येकानं एका वेळी एकच बदल केला. लिंकनं चार क्लिक घट्ट केलं, व्हिडिओत तसं होतं. सरांनी ऊर्जेच्या कुठल्याशा सूत्रावरून तीन सैल केलं. मामानं दोन घट्ट केलं, कारण लिफ्ट झटक्यानं सुटली की लोक तक्रार करतात. मी एक. घट्ट की सैल ते आठवत नाही, पण सचिवाचा सहभाग नोंदीत असावा लागतो.

बाराव्या दिवशी ताईनं विचारलं, "आत्ता बटण कितव्या क्लिकवर आहे?"

मी वही उघडली. बेरीज केली. उणे सहा आलं.

"उणे क्लिक नसतात रे गाढवा!"

"शून्य कुठे मानता यावर ते आहे," सर शांतपणे म्हणाले.

तिनं सगळ्यांकडे बघितलं. "ऐका. मी सांगते काय झालंय. तुम्ही एकदा मला बोलू द्या."

मामा प्रेमानं म्हणाला, "बोलशील गं बाळ. चालवणाऱ्याचा अभिप्राय तिसऱ्या टप्प्यात आहे. आम्ही आहोत ना तोवर?"

"तुम्ही आहात, तेच तर दुखणं आहे!"

(इतिवृत्त: 'खेळाडूनं समितीच्या उपस्थितीची आवर्जून दखल घेतली.')

सतरा दिवसांचा आढावा वाचून दाखवतो, मला पाठ आहे. बैठका चौदा. फिरवलेले क्लिक एकशे बारा. लिंकनं पाठवलेले व्हिडिओ सदतीस, त्यातले मामानं शेवटपर्यंत बघितलेले एक (तो लिफ्टचा निघाला). ताईला डोंगरावर सायकल मिळाली असे दिवस तीन. बाकीचे दिवस सायकल बैठकीत होती.

ताई दुसरा पंप शोधत होती म्हणे, पण ज्याच्याकडे असतो तो शर्यतीच्या तोंडावर देत नाही. मामाकडे तिनं चारदा मागितला. चारही वेळा मामा म्हणाला, देतो की, आधी एवढं बघू.

शनिवारी सरावाला आम्ही सगळे गेलो. दुसऱ्या उडीनंतर ती खाली टेकली, मागचं चाक खाडकन वर आलं आणि ताई हँडलवरून पुढे. सायकल तिच्या अंगावरून पलीकडे गेली. आम्ही धावत पोचलो तेव्हा ती मातीत बसली होती, कोपरापासून मनगटापर्यंत सोलवटलेलं. लिंकनं मोबाईल काढला आणि परत खिशात टाकला. मामा खाली वाकून म्हणाला, "बरं वाटेपर्यंत बस. उद्याचं राहू दे हवं तर. जीवापेक्षा शर्यत मोठी नाही."

ताई म्हणाली, "उद्या नाही गेले तर कुणीच काही म्हणणार नाही, माहितीये मला. पण मला जायचंय, मामा."

हे मी वहीत लिहिलं नाही. रकाना नव्हता.

रविवारी सकाळी डोंगराच्या माथ्यावर तिनं पुन्हा पंप मागितला आणि या वेळी मामा एका शब्दानंही अडला नाही. लगेच पिशवीत हात घातला. पंप घरी राहिला होता. पिशवीत वही होती, पट्टी होती, सरांची पाण्याची बाटली होती.

ताई रांगेतल्या एका मुलीकडे गेली. निळं हेल्मेट. गेल्या वर्षी सहावी आलेली हीच. ताईला चार दशांशांनी मागे टाकणारी हीच. मी मनात म्हटलं, झालं, ही कशाला देते! निळ्या हेल्मेटनं सायकलीकडे बघितलं, तळव्यानं सीट दाबून बघितली, आणि बॅगेतून पंप काढता काढता सहज विचारलं, "वजन किती तुझं?"

मित्रांनो, एकोणीस दिवस. चौदा बैठका. मी वही चाळली, खरंच चाळली, दोन्ही बाजूंनी.

"बावन्न," ताई म्हणाली.

मामानं सरांकडे बघितलं. सरांनी लिंककडे. लिंकनं, आयुष्यात पहिल्यांदा, कुणालाच काही पाठवलं नाही.

मुलीनं पंप लावला, काटा बघितला आणि हसायलाच लागली. "एकशे नव्वद? हे कुणासाठी भरलंय, फ्रिजसाठी?"

"घरच्यांसाठी," ताई म्हणाली.

हवा सोडली. काटा एकशे पंधरावर आला. ताई सगळं घालून सायकलवर उभी राहिली, अलगद उतरली, रिंग बावीसवर. लाल बटण पूर्ण सैल केलं, मग दोघींनी मोठ्यानं मोजत सात क्लिक घट्ट केलं. एकदा सायकल दाबून सोडली. ताईच्या चेहऱ्यावर एकोणीस दिवसांत पहिल्यांदा काहीतरी दिसलं. सगळं मिळून आठ मिनिटं. दोन मिनिटं वाचली, ती तिनं सोलवटलेल्या हाताला पट्टी गुंडाळण्यात घालवली.

आम्ही पळत खाली आलो. ती शेवटच्या वळणातून बाहेर पडली तेव्हा मागचं चाक जमिनीला असं चिकटलेलं होतं, जसं काही रस्ताच त्याच्याबरोबर खाली येत होता. मी काय ओरडलो ते आठवत नाही. पाटीवर आकडे आले. निळं हेल्मेट चौथी. ताई सहावी. तीन दशांशांनी! मामा ढसाढसा रडला आणि सरांच्या शर्टाला डोळे पुसले. ताईनं आधी त्या मुलीला मिठी मारली, मग आम्हाला, आणि मामाच्या कानाशी म्हणाली, "आता कुणी कशालाही हात लावायचा नाही."

समितीचा अंतिम अहवाल मीच लिहिला. उद्दिष्ट साध्य. सुरुवातीचा दाब आणि शर्यतीचा दाब यांत पंचाहत्तरचा फरक दिसतो खरा, पण समितीनं भरपूर हवा आधीच भरून ठेवली होती म्हणूनच ऐनवेळी काढायला हवा उपलब्ध झाली, हे विसरून चालणार नाही. चौघांच्या सह्या आहेत. सध्या आम्ही पुढच्या शॉकबद्दल प्राथमिक बोलणी करतोय.

आणि हसताय काय? मी सांगायला लागलो तेव्हा सायकलीला मागे शॉक असतो हेही तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं. सायकलीवर बसून कुणाला किती वर्षं झाली, ते विचारत नाही. पण आत्ता, या क्षणी, मी शपथेवर सांगतो, तुमच्या मनात आलंय की सात क्लिक जरा जास्तच झाले, पाच पुरले असते, म्हणजे तिसरीच आली असती. आलंय ना? चेहऱ्यावर दिसतंय. मग 'मी काय म्हणतो' म्हणून सुरुवात करा, लाजताय कशाला, आम्हीही तिथूनच सुरुवात केली होती. फक्त पटकन बोला. ताई अंघोळीला गेलीये आणि सायकल बाहेरच उभी आहे.