बर्फावरची गाडी आणि हरिचंद्राची मिशी

ट्रकमधून ते यंत्र अंगणात उतरलं तेव्हा सगुणाबाई भोईर पापड वाळत घालत होत्या. त्यांनी हात झटकले, यंत्र एकदा पुढून बघितलं, एकदा मागून बघितलं आणि मग वाकून खालूनही बघितलं.

"अवो, याची चाकं वाटंत पडली का?"

"चाकं नसतातच याला!" हरिचंद्र भोईर मिशीला पीळ देत म्हणाले. "बर्फावरची गाडी हाय ही. फारीनची!"

"आनि बेलवलीत बर्फ कुटं पडतो?"

प्रश्न साधा होता. पण साध्या प्रश्नांना उत्तरं द्यायची हरिचंद्रांना सवय नव्हती, म्हणून त्यांनी सदूकडे बोट दाखवलं. सदू म्हणजे सगुणाबाईंचा धाकटा भाऊ. तो मुंबईला जुनी जहाजं तोडायच्या कामावर होता. कुठल्याशा गारठलेल्या मुलखातल्या जहाजाच्या पोटात ही वस्तू निघाली आणि भंगाराच्या भावात त्यानं ती दाजींसाठी उचलली. पुढे दोन लांबलचक लोखंडी पाट्या, मागे रबराचा रुंद पट्टा, वर काळी सीट आणि कपाळावर एकच भला मोठा दिवा.

"ताई, पान्यावर होडी जाते ना, तशी बर्फावरून पलते ही," सदू म्हणाला.

"मग होडीच आनायची होती. निदान उल्हास नदी तरी हाय," असं म्हणून सगुणाबाई परत पापडांकडे वळल्या.

आता ही उठाठेव कशासाठी, तर मिशीसाठी. त्या साली, म्हणजे अठ्ठ्याऐंशीच्या माघात, खरवईच्या चिंतामणी पाटलांनी पोराची वरात मुंबईहून मागवलेल्या चार घोड्यांच्या बग्गीतून काढली. त्याआधी हळदीच्या पंगतीत चिंतामणी प्रत्येकाच्या ताटापाशी जाऊन "बग्गी बघितली का?" असं विचारत होते. तिसऱ्यांदा विचारल्यावर हरिचंद्रांचं डोकं फिरलं. ते पाटावर उभे राहिले आणि भर मांडवात ओरडले, "माझ्या बाळ्याची वरात अशा गाडीतून काढीन, की कल्यान ते कर्जत कुनी बघितली नसंल! नायतर ही मिशी उतरवीन!"

आणि मिशी काही अशीतशी नव्हती. सत्तावीस वर्षं तेल पाजून वाढवलेली, दोन्ही टोकं कानांशी गुजगोष्टी करणारी. चहा पिताना हरिचंद्र ती बोटांनी वर उचलून धरत आणि सायंकाळी ओटीवर बसून पीळ देत. बदलापुरात नुसतं "मिशीवाले" म्हटलं तरी पत्र घरी पोचत असे. चिंतामणी तिथल्या तिथे म्हणाले, "लग्नाला सलूनवाल्या बाळाजीला सोबत घेऊनच येतो."

बाळ्याचं लग्न ठरलं वैशाखात, अंबरनाथजवळच्या मोरिवलीच्या चिमीशी. बाळ्याची कंपनी वर्षभरापूर्वी बंद पडली होती आणि तेव्हापासून तो पारावर बसून होता.

"आधी पोराच्या पोटाचं बघा, मग वरातीचं," सगुणाबाई म्हणत.

"काम काय, आज ना उद्या गावंल. मिशी गेली म्हंजे इज्जत गेली!"

मिशी परत उगवते आणि काम उगवत नाही, हे सगुणाबाईंना ठाऊक होतं. पण सत्तावीस वर्षांच्या संसारात त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. नवऱ्याशी वाद घालू नये, त्याला फक्त दुसरीकडे पाठवावं.

गाडी अर्थातच सुरू होत नव्हती. बदलापूरच्या एका मेकॅनिकनं ती भातगिरणी समजून विचारलं, "तांदूळ कुठून टाकायचे?" दुसऱ्यानं हात लावायलाच नकार दिला. शेवटी टेंपोत घालून ती उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये टेकचंदच्या गॅरेजात नेली. टेकचंदनं उभ्या आयुष्यात कुठल्याच गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नव्हतं.

"हो जायेगा साईं! एकदम फर्स्ट क्लास!" तो म्हणाला, आणि मग चष्मा पुसून विचारलं, "वैसे ये है क्या चीज?"

हरिचंद्रांनी सांगितलं. सगुणाबाईंनी सीटवरून हात फिरवला.

"यात मानसं किती बसतात?"

"दो, भाभी. टाइट बसले तर."

"दोनच?" मासळीवालीनं एक बोंबील कमी टाकावा, तसा त्यांचा चेहरा झाला. "अवो, तुमी समोर टेलरकडं सफारीचं माप द्या जा. मी बसते गाडीपाशी."

हरिचंद्र गेले. टेलरनं मान, छाती, पोट असं करत तासभर लावला. ते परत आले तेव्हा सगुणाबाई टेकचंदकडचा चहा पीत होत्या आणि टेकचंद कान पकडून "भाभीजी, मान गये!" म्हणत होता. कशाला, ते विचारायचं हरिचंद्रांना सुचलं नाही.

पहिल्याच आठवड्यात ट्रायलची अडचण उभी राहिली. बर्फाशिवाय बर्फाच्या गाडीची ट्रायल घ्यायची कशी? टेकचंदनं कारखान्यातून बर्फाच्या आठ लाद्या मागवल्या आणि भर दुपारी गल्लीत ओळीनं मांडल्या. सदूनं दोरी खेचली. धूर निघाला, गल्ली खोकली, आणि गाडी खरोखरच हातभर पुढे सरकली.

"सरकली! सरकली!" हरिचंद्र टेलरकडून टेप गळ्यात तशीच घेऊन धावत आले.

पण गाडी हातभर पुढे गेली तशी मागची लादी मोकळी झाली. ती सरबतवाल्यानं उचलली. दुसरी मासेवालीनं नेली. बघता बघता माणसं पिशव्या, घमेली, कुणी तर पोराची अंघोळीची बादली घेऊन आली. पाच मिनिटांत गल्लीत नुसतं पाणी, आणि त्या पाण्यात ती गाडी पाण्यातल्या म्हशीसारखी शांत बसलेली.

"बर्फ भरोसे की चीज नहीं है," टेकचंदनं निष्कर्ष काढला. "पुढच्या पाट्या काढू. एक चाक टाकू. रिक्षाचं पडलंय माझ्याकडे."

"एक चाक बरोबर हाय," हरिचंद्र म्हणाले. वैशाखात बर्फ मिळणार नाही, एवढं त्यांनाही पटलं.

चाकावर ट्रायल झाली तेव्हा मागच्या पट्ट्यानं शेजारच्या कपड्यांच्या कारखान्यासमोर दोरीवर वाळत घातलेली जीनची पॅंट खेचली. मग दुसरी. मग अख्खी दोरीच. कारखानदार बोंबलत आला तेव्हा गाडीच्या पोटातून सतरा पाय लोंबत होते. "ये पट्टा आदमखोर है साईं," असं म्हणून टेकचंदनं मागेही दोन चाकं टाकली.

मग इंजिन. ते थंडीत चालायचं बेणं, कॅम्प तीनच्या उन्हात इतकं तापलं की पोराटोरांनी त्यावर पापड भाजले. टेकचंदनं ते काढून ठेवलं आणि "छोटा, लेकिन ठंडे दिमागवाला" दुसरं बसवलं. ते कुठल्या गाडीचं, हे त्यानं सांगितलं नाही आणि हरिचंद्रांनी विचारलं नाही. त्या दिवशीही सगुणाबाईंनी त्यांना टेलरकडे धाडलं होतं. टेलर आता त्यांचं माप न बघता सांगायचा आणि तरीही पुन्हा घ्यायचा, कारण चहा सगुणाबाईंच्या खात्यातून येत होता.

पुढच्या खेपेला मागे लांब सीट आली. "दूल्हे के साथ करवली बैठेगी, भाई बैठेगा," टेकचंदनं समजावलं. त्याच्या पुढच्या खेपेला वर टप आला.

"टप कशाला?" हरिचंद्रांनी पहिल्यांदाच भुवई उचलली.

"मे का महिना, साईं! नवऱ्या मुलाला लू लागली आणि तो मुहूर्ताला चक्कर येऊन पडला तर?"

"बरोबर हाय," हरिचंद्र म्हणाले.

तीन चाकं, मागे लांब सीट, पुढे हँडल, वर टप. वाचकहो, तुमच्या लक्षात आलंच असेल. कॅम्प नंबर तीनच्या कुत्र्यांच्याही लक्षात आलं होतं. एकदा तर एक म्हातारी पिशवी घेऊन सरळ आत बसली आणि म्हणाली, "स्टेशन." हरिचंद्र तिच्या अंगावर ओरडले, "उतर म्हातारे, फारीनची गाडी हाय ही!" ती उतरली, पण जाताना म्हणाली, "भाडं नाकारतोस? तुझी कंप्लेंट करीन." या सगळ्यात हरिचंद्र फक्त त्या मोठ्या दिव्याकडे बघत असत. तो दिवा मूळचा होता, त्यांची गाडी त्या दिव्यात होती.

शेवटचे दहा दिवस मांडव, आमंत्रणं, वाजंत्री यांत गेले. हरिचंद्रांना गॅरेजात जायला सवड मिळाली नाही. सगुणाबाई मात्र बांगड्यांच्या निमित्तानं चारदा जाऊन आल्या. "कलर चालू हाय," एवढंच त्यांनी घरी सांगितलं. गॅरेजातून परत आलेल्या दोन्ही पाट्यांवर त्या आता पापड वाळत घालत होत्या.

लग्नाच्या सकाळी मांडवाबाहेर झेंडूच्या माळा आणि जरीचं कापड पांघरून गाडी उभी होती. अख्खी बेलवली जमली होती. चिंतामणी पाटील खरवईहून आले होते आणि कबूल केल्याप्रमाणे त्यांच्या मागे सलूनवाला बाळाजी, बगलेत पेटी घेऊन. हरिचंद्रांनी नवी सफारी घातली होती. ती अंगाला चपखल बसली होती, फक्त खिसा हलका झाला होता.

"कल्यान ते कर्जत!" असं गरजून त्यांनी कापड ओढलं.

वाजंत्री थांबली.

काळी बॉडी, पिवळा टप. बाजूला झेंडा वर केलेलं मीटर. मागे ठळक अक्षरांत 'आई एकवीरा प्रसन्न'.

"हरिचंद्रा," चिंतामणी शांतपणे म्हणाले, "ही रिक्षा हाय."

"दिवा बघा! दिवा फारीनचा हाय!" हरिचंद्र ओरडले. पण त्यांचा आवाज त्यांनाच खरा वाटेना. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. दुसरी मारून आले. फेऱ्या मारून रिक्षेचं काही वेगळं होईना. त्यांनी सदूकडे बघितलं, सदूनं आभाळाकडे बघितलं. शेवटी हरिचंद्र गपकन खुर्चीत बसले.

"बाळाजी, चल," ते म्हणाले. भोईरांचा शब्द म्हणजे शब्द. वस्तरा लागला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते साबणाचं नव्हतं. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, त्या रडतात की हसतात ते कळायला मार्ग नव्हता.

वरात मोरिवलीला पोचली. सदू रिक्षा चालवत होता, बाळ्या मागे मुंडावळ्या सावरत बसला होता आणि, खरं सांगायचं तर, फार खुशीत दिसत होता. व्याहीभेटीला मुलीचे वडील अण्णा म्हात्रे हात पसरून पुढे आले, हरिचंद्रांच्या शेजारून गेले आणि मागच्या मिशीवाल्या चिंतामणी पाटलांना कडकडून भेटले. त्यांना फेटा बांधला, हातात नारळ दिला.

"अवो अण्णा, नवऱ्याचा बाप मी!" हरिचंद्र म्हणाले.

अण्णांनी त्यांना नीट न्याहाळलं. "मस्करी नको बाबा. मुलगी बघायला आला होता त्याला मिशी होती."

सगुणाबाईंनी शपथ घेऊन सांगितलं तेव्हा कुठे पटलं. पण तोवर फेटा चिंतामणींच्या डोक्यावर बसला होता आणि बांधलेला फेटा सोडवणं अपशकुन, असं नवरीच्या आजीनं ठरवलं.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या. तेवढ्यात मिठाईचा पुडा घेऊन टेकचंद हजर. हरिचंद्र त्याच्यावर धावूनच गेले.

"कसाया! गाडीची रिक्षा केलीस तू! मिशी गेली माझी!"

टेकचंद गडबडला. "लेकिन साईं, मैंने तो सब भाभीजी के हिसाब से किया! आधी म्हणाल्या तीन सीट पाहिजे. मग म्हणाल्या कलर पासिंगचा. चेसिस, इंजिन, मीटर, सब उन्होंने बोला!"

हरिचंद्र हळूहळू बायकोकडे वळले. ओठावर हवा लागत होती, त्याची सवय नव्हती.

"सगुना?"

"मग काय करायचं होतं?" सगुणाबाईंनी पदर खोचला. "बर्फ पडायची वाट बघत बसायची? उद्या ही पोर आपल्या घरात यील, ती बर्फ खाईल का? बाळ्याचा बॅज काढलाय. परमिटाचा कागद दिवाळीपासून माझ्या पेटीत हाय. रिक्षा तेवढी नव्हती. तुमी घरात भंगार आनलं, मी रिक्षा केली. त्याला तीन टेलर-खेपा जास्ती लागल्या, एवढंच."

"आनि माझी मिशी?"

सगुणाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि एकदम लाजल्या. "सत्तावीस वर्सांनी तुमचं तोंड दिसलं. बरं हाय की."

हरिचंद्रांना खूप काही बोलायचं होतं. पण बाळ्या रिक्षेच्या पुढच्या सीटवर चिमीला ब्रेक कुठला आणि क्लच कुठला ते दाखवत होता आणि ती मुंडावळ्यांतून हसत होती. वर्षभरात पोराचं असं तोंड त्यांनी बघितलं नव्हतं. त्यांनी टेकचंदच्या हातातला मिठाईचा पुडा घेतला.

वऱ्हाड परतायच्या वेळी रस्त्यात चिंतामणी पाटील उभे होते. डोक्यावर फेटा, हातात नारळ, शेजारी पेटीवाला बाळाजी. मोरिवलीतले टांगेवाले दोघेही जेवून आडवे झाले होते. नवरानवरी माघारी वऱ्हाडाच्या ट्रकात बसली होती आणि रिक्षा मोकळीच होती. सदूनं ती चिंतामणींपुढे थांबवली. त्याच्या शेजारी हरिचंद्र दाटीवाटीनं बसले होते.

"काय हरिचंद्रा," चिंतामणी ओशाळं हसले, "खरवईला सोडतोस का?"

हरिचंद्रांचा हात सवयीनं वर गेला, मिशीला पीळ द्यायला. तिथे काही नव्हतं. हात तसाच खाली आला आणि त्यानं मीटरचा झेंडा पाडला. टिंग!

"बस," हरिचंद्र म्हणाले. "मिशीच्या शीटाचं भाडं वेगलं पडंल."